कडी

"कडी," आई म्हणाली, आणि थोरला उठून दाराला कडी लावून आला.

पाच मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "कडी." आता ती लागलेलीच होती, म्हणून थोरल्यानं उठून काढली. हा थोरला विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्याच्या हुद्द्यावर होता. कुणी काही मागितलं तर तीन कागद मागायची त्याची सवय. पण रोज आपल्या घरून आईला बघायला आला की तिच्या कडीला तो निमूट उठायचा, कारण दर खेपेला उठलं की तेवढा वेळ त्या खोलीत बसावं लागत नसे.

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेल्याला साडेतीन महिने झाले होते. अंगाबरोबर त्या वाऱ्यानं शब्दही नेले. जिनं चाळीस वर्षं या घरात दुसऱ्या कुणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तिच्या पदरात दोनच अक्षरं राहिली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंचं मत पडलं की रुग्णाला असुरक्षित वाटतंय, दार बंद हवंय. सगळ्यांना ते पटलं. साडेतीन महिन्यांत त्या कडीचे स्क्रू दोनदा ढिले होऊन बदलावे लागले.

कडीसाठी कधीच न उठणारा घरात एकच माणूस होता. साहेब, थोरल्याचे वडील. गुडघ्याचं कारण पुढं करून ते खुर्चीत बसून राहायचे. गुडघा खरोखरच खराब होता, त्यामुळे कारण चांगलं टिकलं.

साहेब म्हणजे लिफ्ट तपासणारे साहेब. चौतीस वर्षं त्यांनी गावातल्या लिफ्टा तपासल्या आणि आत पत्र्याच्या पाट्या ठोकल्या: ‘सहा माणसे, ४०८ किलो’. सरकारच्या हिशेबात माणूस अडुसष्ट किलोचा असतो. साहेबांनी जगाकडे याच मापानं पाहिलं. थोरला दीड माणूस होता, सूनबाई एक, आणि आई आता, गेल्या मंगळवारच्या काट्याप्रमाणे, एक्केचाळीस किलो. म्हणजे पुरतं एक माणूससुद्धा नाही.

एवढं असून साहेब स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. मुलगी आठव्या मजल्यावर राहायला गेली तेव्हा तिच्या घरी जिन्यानं चढून गेले, मध्ये दोनदा टेकले, आणि वर जाऊन पाणी मागितलं. "बाबांचा व्यायाम," असं सगळे कौतुकानं म्हणाले. गुडघा गेल्यापासून कौतुकही थांबलं आणि जाणंही.

तीच मुलगी शनिवारी सकाळी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मी आईला न्यायला आलेय."

ती भूल देणारी डॉक्टर. समोरच्याला कळायच्या आत काम उरकायची तिची रीत होती.

"न्यायला म्हणजे?" थोरला म्हणाला. "तू आधी बोलायला हवं होतंस."

"दादा, मी गेले दोन महिने बोलतेय. तू दर वेळी ‘तत्त्वतः मान्य’ म्हणतोस आणि फोन ठेवतोस."

"तत्त्वतः मान्यच आहे. पण बाबांचं काय?"

हा खरा प्रश्न होता. आई आठव्या मजल्यावर गेली तर बाबा उरतात, आणि उरलेली वस्तू थोरल्याकडे यायची या घराची जुनी पद्धत होती. आजोबांची हार्मोनियम अशीच त्याच्या माळ्यावर पडून होती. म्हणून थोरला त्या दिवशी बाबांच्या बाजूनं कधी नव्हे इतका ठामपणे उभा राहिला.

"आईला हे घर सोडून करमणार नाही," तो म्हणाला. "या वयात झाड उपटून दुसरीकडे लावायचं का?"

"झाड चार भिंतींत कडी लावून बसलंय दादा. तिला मोकळी हवा हवी. माझ्याकडे गॅलरी आहे, दिवसभराची बाई आहे, आणि झोपाळा आहे. जन्मभर झोपाळा झोपाळा करत होती ना ती? मग बसू दे की आता."

"झोपाळा काय, इथंही लावता येईल. पोर्चमध्ये."

"इथं?" मुलगी हसली. "विचार बाबांना. स्लॅब धरत नाही. मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

दोघांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब गुडघ्यावर हात ठेवून पोर्चच्या छताकडे बघत होते.

या झोपाळ्याचा इतिहास घरात सर्वांना पाठ होता. घर बांधलं तेव्हा आईनं एकच गोष्ट मागितली होती, पोर्चमध्ये झोपाळा. त्याचे हूक छताचं काँक्रीट ओतायच्या आधीच आतल्या सळ्यांना बांधावे लागतात. मिस्त्री ते विसरला. मागाहून भोकं पाडून बसवू म्हटलं तर साहेबांनी सांगितलं, आता स्लॅब धरणार नाही. लिफ्ट तपासणाऱ्यानं धरणार नाही म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. आई रोज संध्याकाळी पोर्चच्या पायरीवर बसून मिस्त्र्याचा उद्धार करायची, आणि तिच्या तोंडाच्या त्या पट्ट्यात घराला एक वाक्प्रचार मिळाला. कुणी काही विसरलं की ‘मिस्त्री झाला’. परीक्षेत प्रमेय आठवलं नाही, मिस्त्री झाला. दूध उतू गेलं, मिस्त्री झाला. शब्द गल्लीत पसरला, आणि मिस्त्र्याला त्या गल्लीत पुन्हा कुणी वीटसुद्धा लावायला बोलावलं नाही.

मुलांच्या तोंडी तो हूक होता. त्याला कडी म्हणायचे ते फक्त आई आणि मिस्त्री. ‘कडी टाकली का हो?’ असं ती बांधकामावर रोज विचारायची. हे आता जगात एकट्या साहेबांना ठाऊक होतं, आणि साडेतीन महिने त्यांची झोप त्यानंच खाल्ली होती.

"कडी," आतून आई म्हणाली.

"बघ, मोकळी हवाच मागतेय ती," म्हणत मुलगी उठली.

"धरेल," साहेब म्हणाले.

"काय?"

"स्लॅब. धरेल."

मुलगी दाराशीच थांबली. "बाबा, चाळीस वर्षं धरत नव्हता."

"माझा अंदाज जरा जास्त सावध होता."

"म्हणजे मी तिला नेऊ नये म्हणून आज स्लॅब मजबूत झाला?"

"झोपाळा लागला तर राहू दे तिला. एवढंच म्हणतो." साहेबांचा आवाज अर्ज केल्यासारखा आला. चौतीस वर्षं अर्ज घेणाऱ्याला तो द्यायची सवय नव्हती. "इथं राहू दे."

मुलगी दारातून मागं आली. "ठीक आहे. उद्या संध्याकाळपर्यंत झोपाळा लागला आणि ती त्यावर नीट बसली, तर मी परत जाते. नाहीतर गाडी मागवते. दादा, तू साक्षी."

"तत्त्वतः," थोरला म्हणाला.

*

दुपारी मिस्त्री आला. थोरल्यानं हार्डवेअरच्या दुकानात विचारून आणलेला. पंचावन्नचा, किडकिडीत, हातात भोकं पाडायचं मशीन. त्यानं फाटकातून आत येताच घराकडे असं पाहिलं, की साहेबांना ते डोळे लगेच ओळखू आले.

"हे घर आमच्या वडिलांनी बांधलेलं," मिस्त्री म्हणाला. "विसरभोळे मिस्त्री. तुम्हांला ऐकून माहीत असतील."

थोरल्यानं चहाचा कप खाली ठेवला. मुलीनं मान वळवली. ‘मिस्त्री झाला’ असं त्या दोघांनी हजारदा म्हटलं होतं, पण त्या शब्दाला मुलगा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मिस्त्र्यानं शिडी लावली, वर चढला, छतावर बोटानं टकटक केली. मग मशीन न लावताच खाली बघून म्हणाला, "कुठं पाडू साहेब भोक? तुम्ही सांगाल तिथं."

"तूच बघ की," थोरला म्हणाला. "बाबांचा गुडघा..."

"नाही, साहेबच सांगतील." मिस्त्री शिडीवर आरामात टेकला. घाई असलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. "वडील जाताना एक गोष्ट सांगून गेले. म्हणाले, त्या घरी कधी काम निघालं तर साहेबांनी दाखवल्याशिवाय छताला हात लावायचा नाही."

आईची चाकाची खुर्ची मुलीनं दारात आणून ठेवली होती. आई उजवीकडे कलली होती, आणि छताकडे बघत होती की नुसतीच बघत होती, हे सांगणं कठीण होतं.

साहेब उठले. गुडघ्यानं रीतसर तक्रार नोंदवली. काठी घेऊन ते पोर्चच्या मधोमध गेले आणि भिंतीपासून पावलं मोजली. मोजायची गरज नव्हती. डोळे मिटूनसुद्धा त्यांनी ती जागा दाखवली असती. काठीचं टोक वर करून त्यांनी छताला लावलं.

"इथं. आणि तिथून साडेचार फुटांवर दुसरी. मशीन नको. छिन्नीनं हळू काढ, प्लास्टर वरवरचं आहे."

तीन ठोक्यांत ढपला पडला. चौथ्यात लोखंड वाजलं. बोटाएवढ्या जाडीची सळी, छताशी चेपून आडवी केलेली. मिस्त्र्यानं पहार घालून ती सरळ केली, तशी चाळीस वर्षं पोटाशी धरलेली ती कडी छतातून खाली उतरली. थोडी तांबडी, बाकी धडधाकट. दुसरी निघायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

थोरला म्हणाला, "म्हणजे तो विसरला नव्हता."

"आमच्यात कुणी विसरत नाही," मिस्त्री शिडीवरून म्हणाला. "विसरले असते तर बरं होतं. खरी गोष्ट जिभेवरच घेऊन गेले बिचारे." आणि शिडी मिटून, काही न मागता, हात धुवायला मागच्या नळावर गेला.

मुलगी साहेबांसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला लावते, त्याच आवाजात ती म्हणाली, "बाबा, या घरात भूल द्यायची पदवी माझ्याकडे आहे आणि प्रॅक्टिस तुम्ही केलीत. का?"

साहेबांनी खुर्ची ओढली. चाळीस वर्षांत त्यांनी हे मनात इतक्या वेळा सांगितलं होतं, की तोंडातून ते खात्याच्या अहवालासारखं बाहेर पडलं.

"या स्लॅबच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्या दिवशी एका गोदामाची लिफ्ट तपासायची होती. मालाची. काँक्रीट काही साहेबासाठी थांबत नाही. मी टेबलावर बसूनच लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली, दोर ठीक.’ सही केली आणि इथं आलो. नवव्या दिवशी दोर तुटला. माणसांनी बसायचं नव्हतं त्यात. झाडूवाली बाई बसली होती."

"मग?"

"मग काय. गेली. चौकशी झाली. मालकाला दोषी धरलं. माझी सही पुराव्यात लागली, तपासणी वेळच्या वेळी झाली होती म्हणून." त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "शेरा चांगला मिळाला त्या वर्षी."

थोरल्यानं आयुष्यात प्रथमच कागद मागितला नाही.

"एकविसाव्या दिवशी इथल्या फळ्या काढल्या," साहेब म्हणाले. "या दोन कड्या खाली आलेल्या. मी त्यांच्याखाली उभा होतो. तुझी आई यायची होती बघायला. मला... त्या कड्यांना तिला लटकवायचं माझ्याच्यानं होईना. मिस्त्र्याला म्हटलं, वाकव आणि लिंपून टाक. तो म्हणाला, बाईंना काय सांगू? मी म्हटलं, विसरलो म्हण."

"आईला खरं सांगता आलं असतं," मुलगी म्हणाली.

"हो."

"ती बाई मेली त्यात आईचा काय दोष होता? आणि त्या माणसाचा?"

"काहीच नाही."

साहेब वाद घालतील या तयारीनं ती उभी होती. समोरून नुसतं ‘काहीच नाही’ आल्यावर तिला पुढं काय करायचं ते कळेना. ती भावाकडे वळली. थोरला जागेवरून हलला आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हार्मोनियम कुणी ठेवायची यावरून वाजलं तेव्हापासून ही दोघं एका बाजूला कधीच नव्हती. इतक्या वर्षांनी त्यांचं एकमत झालं, आणि ते करून द्यायला बाप कामाला आला.

"कडी," आई म्हणाली.

या वेळी दाराकडे कुणीच धावलं नाही. तिघंही आधी वर बघायला लागली आणि मग तिच्याकडे. मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "साडेतीन महिने ती हेच मागत होती?"

"माहीत नाही," साहेब म्हणाले.

"आणि तुम्ही बसून राहिलात. आम्ही दार उघडझाप करत होतो आणि तुम्ही बसून राहिलात."

*

तरीही झोपाळा लागला. ठरल्याप्रमाणे. मिस्त्र्यानं साखळ्या चढवल्या, सागवानी फळी लावली. तिची उंची साहेबांनी आईच्या पायाच्या मापावरून काढून दिली होती, म्हणजे टाच जमिनीला टेकावी. मग त्यांनी वाळूची पोती मागवली. दोन माणसं, एकशे छत्तीस किलो. त्याचं सव्वापट, एकशे सत्तर. नियम तसा आहे. रविवारी दुपारपर्यंत ती पोती झोपाळ्यावर बसून होती आणि साहेब समोर. कडी केसभरही हलली नाही. त्यांनी फळी, साखळी, कडी सगळं हात लावून पाहिलं. पाहणी प्रत्यक्ष केली, एक्केचाळीस किलोसाठी, चाळीस वर्षं उशिरा.

तीन वाजता मुलगी आणि थोरला यांनी आईला उचलून फळीवर बसवलं. आई उजवीकडे कलली. सरळ केली, पुन्हा कलली. मुलीनं उशी लावली, तर उशीसकट कलली. हात सुटला तेव्हा ती फळीवरून घसरायला लागली आणि थोरल्यानं तिला काखेत धरून वाचवलं.

"बस झालं," मुलगी म्हणाली. "हे होणार नाही."

"बांधून बसवता येईल," साहेब म्हणाले. "मागून पट्टा..."

"बाबा, ठरलं होतं. नीट बसली तर." तिनं फोन काढला. "आणि खरं सांगू? ती अगदी ताठ बसली असती, तरी कालनंतर मी तिला इथं ठेवली नसती."

साहेबांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला आपल्या चपलांकडे बघत होता. "तुम्हीही जा ना हिच्याकडे," तो म्हणाला. "आठ माणसांची लिफ्ट आहे. पाचशे चव्वेचाळीस किलो."

"पाटी मी वाचलेली आहे," साहेब म्हणाले. "जिन्याकडे जाताना."

गाडी पाचला येणार होती. मुलगी औषधांची यादी घेऊन दुकानात गेली, थोरला गल्लीच्या तोंडाशी गाडीवाल्याला रस्ता दाखवायला गेला. जाताना दोघांनी आईला चाकाच्या खुर्चीत ठेवलं होतं.

साहेबांनी ती खुर्ची झोपाळ्याजवळ नेली. बारा किलो झडलेली बायको उचलायला त्यांना दोन प्रयत्न लागले. गुडघा काय म्हणाला ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. तिला डाव्या बाजूला बसवलं आणि स्वतः उजवीकडे बसले, कलेल तर आपल्यावरच कलेल अशा बेतानं. ती कललीच. डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. एकशे तीन किलो, त्यांनी मनात बेरीज केली. तेहेतीस शिल्लक.

काही वेळ झोपाळा नुसताच लटकत राहिला. मग हलला. साहेबांना वाटलं आपलाच पाय लागला. खाली पाहिलं तर तिची डावी टाच जमिनीवर होती. त्या टाचेनं रेटा दिला, पुन्हा टेकली, पुन्हा रेटा दिला. एकाच पायाचा झोका सरळ जात नाही. फळी तिरपी निघाली आणि तिरपीच परतली.

"कडी," ती म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "मीच. मिस्त्री नव्हता विसरला. तू उगाच बोललीस त्याला इतकी वर्षं. मी समोर बसून ऐकत होतो." त्यांनी घसा खाकरला. "तुला ठाऊक होतं का ग?"

"कडी."

त्यांनी बोट वर केलं, छताकडे. "ही?"

तिनं त्यांच्या बोटाकडे पाहिलं.

त्यांनी बोट दाराकडे केलं. "का ती?"

तिनं पुन्हा बोटाकडेच पाहिलं. तिच्या डोळ्यांत माफी होती की राग होता की दोन्ही नेणारं वारं होतं, हे चौतीस वर्षं तडे शोधणाऱ्या त्या माणसाला समजलं नाही.

"कडी," ती म्हणाली. तीच पट्टी, तोच सूर.

साहेबांनी तिच्यामागे उशी खोचली आणि आपला मफलर साखळीतून घेऊन तिच्या कमरेभोवती बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग उठले. कडीसाठी, साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. लंगडत दारापर्यंत गेले, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

परत येऊन टेकतात न टेकतात तोच ती म्हणाली, "कडी."

ते उठले आणि कडी काढली.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत त्यांनी ती सात वेळा लावली आणि सात वेळा काढली. आठव्यांदा लावली तेव्हा मुलगी फाटक उघडत होती. ती दोघं बाहेर होती, झोपाळा तिरपा हलत होता, आणि आत, बंद दारामागे, कुणीही नव्हतं.